बारावा गडी

पायाला माती गार लागते म्हणून खाली बघता, तर पायांत बूट नाहीत. पायजम्याची कड दवानं भिजलीय. मोबाइल चाचपायला खिशात हात घालता, तर हाताला लागतं एक पेन आणि चार घड्यांचा फुलस्केप कागद. "गुरजी, च्या घ्या," म्हणत कुणीतरी कपबशी पुढं करतं. इथं तुम्ही गुरुजी आहात आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाहीये.

पेणच्या खारेपाटातलं गाव. १९८० सालच्या डिसेंबरातला रविवार. भातं कापून, झोडून घरात आलीत. वालाच्या शेंगा अजून भरायच्यात, त्यामुळं पोपटीची घाई नाही. गावदेवीच्या देवळापुढची जागा नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून मऊ केलीय. खळ्यासारखी चोपायची नसते ती. चोपली तर संध्याकाळपर्यंत एकाही पोराचं कोपर शाबूत राहणार नाही. रेघा मारायची फक्की रात्रीच संपली, म्हणून चढाईपटूनं ओलांडायची निदान रेषा गणपतीच्या कारखान्यातून आणलेल्या व्हायटिंगनं आखलीय. ती मध्यरेषेपेक्षा जास्तच पांढरी दिसते. देवळाच्या कट्ट्याला फडकं बांधलंय, त्यावर निळ्या अक्षरांत 'कुलाबा जिल्हा'. थोड्याच दिवसांत, १ जानेवारी १९८१ला, या जिल्ह्याचं नाव रायगड होणार आहे. फडक्यावरचा रंग अजून ओला आहे.

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचाय. तुम्ही निवडणाऱ्यांतले तिसरे. पहिले अण्णा, ज्यांच्या तोंडून कबड्डी हा शब्द सहज येत नाही, हुतुतूच येतं. दुसरे भाऊ, पेणच्या बाजारात भुसार दुकान, हिशेबाला पक्के. कागद उघडता. अकरा नावं आधीच लिहिलेली आहेत, अक्षर तुमचंच. बाराव्या आकड्यापुढं कोरी जागा.

मैदानात गडी सात. बाकावर पाच. पहिल्या सातांवर वाद झालेला नाही. ते सगळ्या जिल्ह्याला पाठ आहेत. आठवा चढाईचा, नववा उजव्या कोपऱ्याचा, दहावा-अकरावा मधल्या फळीचे. एवढं तासाभरात उरकलं. उरलेल्या एका जागेसाठी मात्र आज सकाळी सातपासून चार सामने खेळवलेत. कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात, तिथं आघाडीचे बाराजण तिघा-तिघांच्या चार फळ्यांत वाटलेले असतात, आणि संघ ठरवणाऱ्यांची डोकेफोड चालते ती बहुतेक चौथ्या फळीवरच. वरच्या फळ्या आपोआप ठरतात. थोडक्यात, बाराव्याची कटकट खारेपाटाचीच मक्तेदारी आहे असं नाही.

"बारावा कसला," अण्णा म्हणतात, "बारावं म्हणा. सबंध स्पर्धा बसायचं, नि शेवटी जेवून यायचं."

भाऊ हसत नाहीत. त्यांना ठाऊक आहे की त्या बसण्याचाही कागद मिळतो. जिल्ह्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र दाखवून पोरं रेल्वेत लागलीत, पोलिसांत लागलीत, मुंबईच्या कंपन्यांच्या संघांत गेलीत. प्रमाणपत्रावर कितवा गडी ते लिहीत नाहीत.

आता समोर बघा. तिघंजण उरलेत.

निळ्या चड्डीतला उंच पोरगा पेणजवळच्या दादरच्या बाजूचा. तो मध्यरेषा ओलांडतो तेव्हा देवळाच्या कठड्यावर बसलेली बारकी पोरंही उठून उभी राहतात. पहिल्याच चढाईत त्यानं उजव्या कोपऱ्याला पायानं टिपलं, वळता वळता मधल्याच्या दंडाला हात लावला, आणि दम न तोडता परत आला. लोकांनी टोप्या उडवल्या. पुढच्या चढाईत तो तसाच आत घुसला, आणि कोपऱ्यानं घोटा धरला. तिसऱ्यातही घोटाच. तिन्ही वेळा डावा पाय पुढं. पकड करणाऱ्याला दोन चढायांत जे कळलं ते याला तीन चढायांत कळलेलं नाही.

दुसरा रोह्याकडचा. आडवा बांधा, मांड्या जात्याच्या दगडासारख्या. साखळी धरून पुढं सरकला की चढाईपटू जणू भिंतीवर आपटतो. पण साखळी म्हणजे दोघांचं काम. त्याच्या हातात हात देणारा गावचा सोबती आज आलेला नाही, नि परक्या गड्याचा हात धरला की हा अर्धं पाऊल उशिरा सुटतो. अर्ध्या पावलात चढाईपटू मध्यरेषेवर पोचलेला असतो.

तिसऱ्याकडं तुमचं लक्ष तसं उशिरानंच गेलं. मिठागरावर काम करणारा. पायांच्या टाचा मिठाच्या पाण्यानं चिरलेल्या, भेगांत पांढरं साचलेलं. अंगानं काटकुळा. आज त्यानं डावा कोपरा सांभाळला, एका सामन्यात उजवा, आणि मुख्य चढाईचे दोघं बाद झाल्यावर चार चढाया केल्या. चारही रिकाम्या. निदान रेषा ओलांडायची, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुकायचं, हाताच्या अंतरावरनं माघारी यायचं. गुण शून्य. टाळी एकही नाही.

"याला काय बघायचं?" अण्णा विचारतात.

त्याला कुठं बघायचं ते तुम्हाला आत्ताच सापडलंय: बाहेर. बाद झालेले गडी मैदानाच्या कडेला बसतात ते बाद झाल्याच्या क्रमानं. समोरचा एक बाद झाला की यांच्यातला पहिला बसलेला उठून आत जातो, मग दुसरा. क्रम चुकला की पंचाची शिट्टी आणि तंटा. मघाशी निळी चड्डी बाद होऊन आली आणि दणकन पहिल्याच जागी बसली, तोंडावर टॉवेल. मिठागरवाला तिथंच होता. तो काही बोलला नाही. त्यानं निळ्या चड्डीच्या दंडाला धरून दोन जागा पलीकडं सरकवलं, मधल्या दोघांना अलीकडं घेतलं, आणि परत आपल्या जागी उकिडवा बसला. मिनिटभरात समोरचा एक गडी टिपला गेला, आत कोण जाणार यावरून गुणलेखक आणि पंच वहीत बोट घालून बघायला लागले. हा उठला, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली, "तू जा." वहीतही तेच निघालं.

तुम्ही भाऊंना हे सांगता. भाऊ म्हणतात, "हुशार हाय. पण हुशारीला गुन कोन देतो?"

इथं तुमची खरी पंचाईत होते, कारण तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. २६ जुलै २०१४ला वरळीच्या घुमटाखाली व्यावसायिक कबड्डी लीगमध्ये यू मुंबा आणि जयपूरचा सामना रंगेल, दिव्यांचे झोत फिरतील, आणि निळ्या चड्डीतल्यासारख्या पोरावर लिलावात बोली लागेल. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद, असा नियम येईल. त्या दिवसांत हा काटकुळा चारही चढायांत हात हलवत परत आला असता, तर तिसऱ्या चढाईला बाहेर बसला असता. नि निळी चड्डी? सोनं. बोटं पेनावर घट्ट होतात. निळ्या चड्डीचं नाव लिहून टाकावं, पुढच्या काळाचा गडी आजच उचलावा.

पण संघ खेळणार आहे तो पुढच्या महिन्यात, मातीवर, आजच्या नियमांनी. इथं दम हेच घड्याळ. रिकाम्या चढाईला दंड नाही. चार गुणांनी पुढं असलेला संघ उरलेला सामना कसा काढतो, ते तुम्ही आज चारदा पाहिलंत: आत जायचं, निदान रेषा ओलांडायची, जिवंत परत यायचं. लोक कंटाळतात, हुर्यो करतात, वेळ मात्र जातो. अशा वेळी मैदानात हवा तो पकडला न जाणारा माणूस. पहिल्या सातांत चढाईचे तिघंही निळ्या चड्डीच्याच जातकुळीतले, गुण आणणारे आणि सापडणारे. बारावाही त्यांच्यासारखाच घेतला तर बाकावर बसलेला गडी म्हणजे मैदानातल्या गड्याचीच नक्कल. बाकी उरलेल्यांतला सगळ्यात चांगला घ्यायचा म्हटलं तर निळी चड्डीच. सातांत जे कमी आहे ते कोण भरून काढतो असं विचारलं, की उत्तर बदलतं. शाळेत फळ्यावर पाचवीच्या पोरांना हे समजावणं सोपं आहे. अण्णांना समजावायला पाऊण तास लागतो.

मधेच शेजारच्या गावचे एक पुढारी येतात. शुभ्र टोपी. "गुरजी, आमच्या बाजूचा एकपन नाय घेतलाव. लोकांना काय सांगू मी?" त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही; अकरांत एक तालुका रिकामाच आहे. ते पुढं म्हणतात, निळ्या चड्डीचा बाप शब्द टाकणार होता, पण म्हटलं आपणच जावं. भाऊ त्यांना चहा देतात, वालाचा भाव विचारतात, आणि विषय तिथंच मुरवतात. दुकानदाराची ही कला तुम्हाला शाळेत कुणी शिकवली नव्हती.

शेवटी तुम्ही एकच मागता: आणखी एक डाव, सात मिनिटांचा. निळी चड्डी आणि मिठागरवाला एकाच बाजूला. यांच्या बाजूला पाच गुण फुकट द्यायचे, आणि फक्त ते राखायचे.

निळी चड्डी पहिल्या चढाईत एक टिपून येते. दुसऱ्यात पुन्हा डावा पाय पुढं, घोटा, धूळ, बाद. आघाडी घसरते. मिठागरवाला आत जातो. त्याचे पाय बघा: टाच टेकतच नाही, चवडे मातीत रुततात आणि सुटतात, जसं चिखलात चालणाऱ्याचं पाऊल सुटतं. कोपरा त्याच्या घोट्यावर झेप घेतो आणि घोटा तिथं नसतो. परत आल्यावर तो धापा टाकत नाही. नाकानं एक लांब श्वास घेतो, आणि बाहेर बसलेल्यांवर नजर टाकतो, कोण कितवा ते मोजून. सात मिनिटांत त्याच्या नावावर एक गुण, तोही समोरच्यानं रेषेबाहेर पाय टाकला म्हणून. आघाडी दोनची उरते. उरते हे खरं.

अण्णा विडी पेटवतात. "लिहा," म्हणतात.

तुम्ही लिहिता. निळ्या चड्डीतला पोरगा कागदाकडं न बघताच ओळखतो आणि देवळामागं जातो. वाईट वाटतं, इतकं की पुढच्या वर्षी याला पहिल्या सातांत घेऊ असं तुम्ही मनाशी म्हणता, जे म्हणायला काही लागत नाही. मिठागरवाला जवळ येतो. हात पाठीमागं बांधलेले. आभार वगैरे मानत नाही.

"गुरजी, जायाचा-यायाचा भाडा कोन देल?"

पेणच्या स्टँडवरून रोह्याची एसटी सुटते. खिडकीची काच अडकलेली, सीटखाली कुणाची तरी सुकटीची पिशवी. वडखळच्या नाक्यावर गाडी थांबते आणि कंडक्टरच्या हातातल्या वर्तमानपत्रावरचं साल बदललेलं दिसतं. दिल्लीतल्या आशियाई खेळांत कबड्डीचं प्रदर्शन, १९८२. कासूच्या अलीकडं डाव्या हाताला रुळांचा भराव पडलेला. १९८६त आगगाडी रोह्याला पोचली. नागोठण्यात अंबा नदी शांत दिसते, पण भिंतींवर माणसाच्या डोक्यावर गेलेली चिखलाची रेघ आहे, म्हणजे १९८९चा जुलै नुकताच सरलाय. पलीकडं आयपीसीएलच्या कारखान्याचे मनोरे. पुढच्या सीटवरचे दोघं सांगतायत, बीजिंगला पदक आलं, सुवर्ण, आता पोरांना नोकऱ्यांची ददात नाही. ते १९९०. भिसे खिंडीत गाडी धापा टाकते. घाट उतरेपर्यंत शेजारच्या माणसाच्या हातात मोबाइल आलेला असतो, त्यावर लाल-निळी मॅट, आणि ओळखीच्या आवाजात समालोचन. खाली कुंडलिका दिसते. तुमच्या पायांत बूट आहेत.

रोह्यात उतरता तेव्हा तुम्ही 'सर' झालेले असता. एका शाळेच्या सभागृहात पोरं मॅट पसरतायत. मॅटचे चौकोन दातऱ्यांसारखे एकमेकांत अडकतात; एकेक चौकोन डोक्यावर घेऊन जिना चढावा लागतो. एक लांब हातांचा पोरगा दोन-दोन आणतोय. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

कागदाच्या जागी आता तक्ता छापील, पण अकरा नावं भरलेली आणि बारावी ओळ रिकामी, ते तसंच. शेजारी प्रशिक्षक, वय तिशीचं, मोबाइलवर गेल्या तीन सामन्यांच्या चित्रफिती. उरलेत दोघं. एक बुटका, चपळ, फक्त तिसऱ्या चढाईला पाठवायचा गडी: आत जातो, तीस सेकंदांतली वीस नुसता हुलकावण्या देतो, मग एकदम उडी मारून कुणाला तरी टिपतो किंवा सापडतो. दुसरा तोच लांब हातांचा, मॅट वाहणारा. डावा कोपरा. मैदानात तिघंच उरलेले असताना दोन वेळा अव्वल पकड केली, जादा गुणासकट. आणि गरज पडली तर चढाईही करतो.

ओळखीचा माल दिसल्यासारखं तुम्हाला होतं. तुम्ही घाईघाईनं बोलता: बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया, प्रत्येक चढाई वेगळ्या गड्यानं करायची. आपल्याकडं चढाईचे खरे तिघं, ताणून चौघं. पाचवा कोण? हा कोपरेवाला पाचवा.

प्रशिक्षक शांतपणे ऐकून घेतो. "सर, पाच-पाच चढाया किती सामन्यांत येतात? तिसरी चढाई प्रत्येक सामन्यात येते. आणि डाव्या कोपऱ्याचे आपल्याकडं दोघं आहेतच." मोबाइल पुढं सरकवतो. बुटका पोरगा त्यात तिसऱ्या चढाईला तीनदा जाताना दिसतो. दोनदा गुण घेऊन येतो, एकदा पाय निसटून लॉबीत जातो. "हा तिसरा सोडा. बूट नवे होते."

तुम्ही चित्रफीत दोनदा बघता. त्याचं गणित बरोबर आहे. पेणला तुम्ही जे अण्णांना पाऊण तास सांगितलं होतं, तेच हा तुम्हाला दोन मिनिटांत सांगतोय: सातांत काय कमी आहे ते बघा. कमी आहे ते बदललंय, इतकंच, आणि तुम्ही मात्र माणूस बघून निवडायला निघाला होतात, चिरलेल्या टाचा आठवून. लांब हातांच्या पोराच्या टाचा तर तुम्ही पाहिलेल्याही नाहीत, बुटांत आहेत.

बुटक्याचं नाव लिहिलं जातं. सही तुमची. भिंतीला टेकून बसलेल्या पोरांपुढं प्रशिक्षक यादी वाचतो, अकरा नावांवर टाळ्या, बाराव्यावर एक शिट्टी. बुटक्याला त्याचे मित्र उचलतात. मग पोरं मॅट सोडायला लागतात. दातऱ्या सुटताना एकसारखा टरटर आवाज येत राहतो.

लांब हातांचा पोरगा तुमच्यासमोर येऊन उभा राहतो. वडील धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर, असं मघाशी कुणीतरी सांगितलं होतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि संघाला पदक मिळालं तर ते बाराव्याच्याही गळ्यात पडतं. हे सभागृहातल्या प्रत्येक पोराला नियमांच्या आधी पाठ असतं.

"सर, राखीवमध्ये आहे का माझं नाव?"

"पहिलाच आहेस. तेरावा."

"तेराव्याला सर्टिफिकेट असतं?"

नसतं, असं तुम्ही सांगता. तो मान हलवतो, वाकतो, दोन चौकोन उचलून डोक्यावर घेतो, एक हात वर धरून, आणि जिन्याकडं जातो. प्रशिक्षक मागून ओरडतो, "लाल वेगळे, निळे वेगळे लाव रे!" तो जिन्यावरूनच "हो सर" म्हणतो.